कागदाच्या घड्यांचे मूळ कर्ते : पोथीशोधनाच्या कसोट्यांनी केलेला एक विचार

१

जुनी पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक प्रथम तिचें शेवटचें पान पाहतो. पोथी कोणीं रचिली, कोणीं लिहिली, कोणाच्या पठनार्थ लिहिली, कोणत्या शकांत व कोणत्या गांवीं पुरी झाली, हें समाप्तिलेखांत सांपडलें तर पोथीचें मोल दुणावतें; न सांपडलें तर संशोधकाचे श्रम दुणावतात. यवतमाळ जिल्ह्यांत व एकंदर वऱ्हाडांत महानुभावांच्या पोथ्यांचा शोध ज्यांनीं केला त्यांस ह्या श्रमांचा अनुभव पुष्कळ आहे. यवतमाळच्या शारदाश्रमाच्या द्वारें डॉ. यशवंत खुशाल देशपांडे ह्यांनीं ह्या पंथाच्या वाङ्मयाचा जो शोध चालविला, आणि १९२५ सालीं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहून जो मार्ग घालून दिला, त्याचें मुख्य अंग हेंच कीं, अमुक ग्रंथ अमक्याचा हें ऐकीव गोष्टीवर न सोडतां पुराव्यानें ठरवावें.

प्रस्तुत लेखांत हीच कसोटी पोथीबाहेरच्या एका विषयास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. कागद न कापतां, न चिकटवितां, केवळ घड्या घालून पक्षी, प्राणी, फुलें, नौका इत्यादि आकृती करण्याची एक विद्या आहे. जपानांत तीस ओरिगामी म्हणतात व त्याच नांवानें ती आतां जगभर प्रसिद्ध आहे. ह्या आकृतींचे मूळ कर्ते कोण, हा प्रश्न त्या विद्येच्या अभ्यासकांत बराच चर्चिला गेला आहे. आमच्या वाचकांपैकीं कांहींस हा विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु जी कृति हातांतून हातांत जाते, जिला बहुधा लेखी आधार नसतो, जी प्रत्येक शिकणाऱ्याबरोबर थोडी बदलते, तिचा कर्ता शोधणें म्हणजे मौखिक परंपरेंतील ओवीचा वा आख्यानाचा कर्ता शोधण्यासारखेंच होय. आमच्या पोथ्यांनीं शिकविलेली विद्या येथें उपयोगी पडते, आणि येथील उदाहरणांनीं आमच्या पोथ्यांविषयींची समजूतही स्पष्ट होते, असा आमचा अनुभव आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करूं. ‘ओरु’ म्हणजे घडी घालणें व ‘कामि’ म्हणजे कागद. दोन्ही मिळून ओरिगामी. परंतु हा शब्द खेळाच्या अर्थानें रूढ झाला तो अलीकडे. जुन्या काळीं आकृतींस ‘ओरिकाता’ इत्यादि दुसरीं नांवें होतीं, आणि ‘ओरिगामी’ म्हणजे आडवा दुमडून लिहिलेला दस्तऐवज. पुढें तरवारींचे परीक्षक एखादें पातें कोणत्या लोहाराच्या हातचें हें पारखून जो दाखला देत, तोही असाच दुमडलेल्या कागदावर असे व त्यासही ओरिगामी म्हणत. होन्आमि ह्या घराण्याचे असे दाखले प्रसिद्ध आहेत. आजही जपानी भाषेंत एखाद्या वस्तूच्या अस्सलपणाची ग्वाही द्यावयाची तर ‘ओरिगामी जोडलेली’ असा वाक्प्रचार आहे. ज्या शब्दाचा अर्थ एके काळीं कर्तृत्वाचा दाखला असा होता, त्याच नांवाच्या विद्येंतील बहुतेक जुन्या आकृतींचे कर्ते आज निनांवी आहेत, हें दैवाचें विलक्षण होय.

आमच्याकडेही घडी ही केवळ खेळाची वस्तु नव्हती. दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याच्या हातकागदावर दफ्तरें लिहिलीं गेलीं. मोडी पत्राचा बंद दुमडून त्याचा लखोटा होई व त्यावर लाखेची मोहर बसे. कागद नव्हता तेव्हां पानें होतीं. यवतमाळच्या रानांतील पळसाच्या पानांचा द्रोण, विड्याच्या पानांची त्रिकोणी घडी, ह्या सर्व आकृती कोणीतरी प्रथम केल्याच असल्या पाहिजेत. पण द्रोणाच्या कर्त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं, कारण ती वस्तु सर्वांची झाली आहे. कागदाच्या नौकेची गतिही तीच. प्रश्न उत्पन्न होतो तो ह्यापुढच्या पायरीवर; म्हणजे जेथें कृति एका बुद्धीची आहे हें उघड दिसतें, पण नांव दुसऱ्याचें लागलेलें असतें किंवा मुळींच लागलेलें नसतें, तेथें.

३

कर्ता शोधूं लागण्यापूर्वीं ‘कर्ता’ शब्दानें काय समजावयाचें हें ठरविलें पाहिजे. आमच्या जुन्या पोथ्यांत ‘लेखक’ म्हणजे लिहून काढणारा, रचणारा नव्हे. समाप्तीस तो नम्रपणें सांगतो कीं, समोर जसें पुस्तक होतें तसें उतरलें, चूक आढळल्यास दोष आपणांस देऊं नये. आज लेखक शब्दाचा अर्थ बदलल्यामुळें ह्या ओळी वाचून नवशिक्या संग्राहकानें लिहिणारासच ग्रंथकार ठरविल्याचीं उदाहरणें दुर्मिळ नाहींत.

‘लीळाचरित्र’ हें तर ह्या बाबतींत पाठशाळाच होय. त्यांतील वचनें श्रीचक्रधरांचीं. त्यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनीं नागदेवाचार्यांस व इतर शिष्यांस विचारून, गांवोगांव जाऊन आठवणी मिळविल्या आणि शके १२०० च्या सुमारास त्या ग्रंथरूपानें बांधिल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभींच्या सुलतानी धामधुमींत मूळ ग्रंथ नाहींसा झाला. मग ज्यांस जें पाठ होतें त्यांनीं त्यावरून तो पुन्हां उभा केला, आणि त्यामुळें निरनिराळे पाठ निर्माण झाले. महानुभावांचा प्रामाणिकपणा असा कीं, पाठभेद त्यांनीं लपविले नाहींत. ‘वासना’ म्हणून भिन्न पाठ आणि ‘शोध’ म्हणून अधिक माहिती त्यांनीं ग्रंथांतच नमूद करून ठेविली. आधुनिक संपादक तळटीपा देतो, तें काम ह्यांनीं सहाशें वर्षांपूर्वीं केलें.

येथें एका ग्रंथामागें किती माणसें उभीं आहेत तें पाहावें : बोलणारा एक, ऐकून स्मरणांत ठेवणारे अनेक, जुळविणारा एक, पुन्हां जुळविणारे कांहीं, आणि उतरून घेणारे असंख्य. केशवराज सूरि ऊर्फ केसोबास ह्यांनीं सूत्रपाठ सिद्ध केला. पण सूत्रें आपलीं म्हणून सांगितलीं नाहींत. तीं चक्रधरांचीं, जुळणी आपली, हा विवेक त्यांनीं राखिला. कागदाच्या आकृतीमागेंही अशींच माणसें असतात. एक ती प्रथम योजितो. दुसरा तिची कृति रेखांनीं कागदावर उतरवितो. तिसरा अनेकांच्या आकृती गोळा करून पुस्तक छापतो. चौथा ती मुलांस शिकवितो. जग बहुधा तिसऱ्यास व चौथ्यास ओळखतें. पहिला मागें राहतो.

४

ह्याचें उत्तम उदाहरण जपानांतील सर्वांत जुन्या अशा एका छापील पुस्तकांतच आहे. इ. स. १७९७ मध्यें ‘हिदेन सेन्बाझुरु ओरिकाता’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. नांवाचा भाव, हजार सारसांच्या घड्यांची गुप्त विद्या, असा आहे. एकाच कागदास ठराविक चिरा देऊन, चोंचीला चोंच किंवा पंखाला पंख जोडलेले असे सारसांचे समूह त्यांतून घडवावयाचे. असे ४९ प्रकार त्यांत दिले असून प्रत्येकाबरोबर एक विनोदी कवन आहे. हीं कवनें अकिसातो रितो ह्यांचीं. हे गृहस्थ त्या काळचे लोकप्रिय ग्रंथकार असून प्रसिद्ध स्थळांचीं सचित्र वर्णनें लिहिण्यांत त्यांची ख्याति होती. पुस्तकाशीं त्यांचें नांव निगडित, ख्याति मोठी, म्हणून सारसही त्यांचेच असें पुष्कळ दिवस मानलें गेलें.

परंतु आकृतींचा खरा योजक दुसराच होता. इसे प्रांतांतील कुवाना येथील चोएन्जि मंदिराचे पुरोहित गिदो, ज्यांचें टोपणनांव रोकोआन, ह्यांनीं हे जोडसारस योजिले होते. शोधकांनीं ही गोष्ट पुढें आणिल्यावर कुवाना नगरानें ही कला आपल्या गांवचा वारसा म्हणून जपली. येथें कोणी कोणाची चोरी केली असें नाहीं. कवि व योजक दोघेही एका पुस्तकांत होते. फक्त पुस्तकाच्या दारावर ज्याचें नांव मोठें तोच घरधनी समजला गेला. पोथीच्या वेष्टनावरील चिठ्ठीवर विसंबून आंतील ग्रंथाचा कर्ता ठरविणारानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

ह्याहून जुने उल्लेखही आहेत. १६८० सालीं इहारा साइकाकु ह्या कवीच्या रचनेंत कागदाच्या फुलपाखरांचा निर्देश येतो; विवाहप्रसंगीं मद्याच्या पात्रांस बांधावयाचीं नर-मादी फुलपाखरें तीं हींच. १७६४ सालीं इसे सादाताके ह्यांनीं वस्तु भेट देतांना कागदाचें वेष्टन कसें घडवावें ह्याचे शिष्टाचार ग्रंथांत नोंदविले. पण हे उल्लेख आकृति त्या काळीं रूढ होती एवढेंच सिद्ध करितात. ती त्या काळीं निर्माण झाली हें सिद्ध करीत नाहींत. सर्वांत जुना दिनांकित पुरावा ही अलीकडची मर्यादा होय, जन्मतिथि नव्हे. ज्ञानेश्वरीची शके १५०६ मध्यें एकनाथांनीं शुद्ध केलेली प्रत प्रसिद्ध आहे. म्हणून ज्ञानेश्वरी शके १५०६ ची होत नाहीं.

५

दुसरें उदाहरण हस्तलिखिताचें असल्यानें आमच्या वाचकांस अधिक जवळचें वाटेल. सुमारें १८४५ च्या काळांत आदाचि काझुयुकि ह्या गृहस्थानें नाना विषयांची माहिती टिपून ठेवणारा एक प्रचंड संग्रह केला. त्याचें नांव ‘कायारागुसा’. त्यांतील एका भागांत कागदाच्या आकृती सचित्र दिल्या आहेत. ह्या भागाची नक्कल फ्रेडरिक स्टार ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाच्या संग्रहांतून वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत गेली, व १९६१ सालीं तिच्यावरून इंग्रजी आवृत्ति निघाली. ह्या प्रवासांत ग्रंथास ‘कान् नो मादो’ असें दुसरेंच नांव चिकटलें. पाश्चात्य देशांत पुष्कळ वर्षें त्याच नांवानें हा भाग ओळखला जात होता. एक ग्रंथ, दोन नांवें, मूळ एका देशीं, नक्कल दुसऱ्या देशीं आणि प्रसिद्धि नकलेस. मराठी हस्तलिखितांच्या इतिहासांत ह्या प्रकारास तोटा नाहीं.

आदाचि हा संग्राहक. त्यानें आकृती जतन केल्या, पण त्या कोणाच्या हें सांगितलें नाहीं. त्याच्या काळीं तसें सांगण्याची चालच नव्हती. त्याच्या श्रमांविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि म्हाइंभटांनीं जेथें आठवणीबरोबर आठवण सांगणाराचेंही स्मरण ठेविलें, तेथें ह्या जपानी संग्राहकानें केवळ वस्तु ठेविली. फरक लहान दिसतो. परंतु शंभर वर्षांनीं मागें वळून पाहणाऱ्या शोधकास तो दारांतील कुलपासारखा आडवा येतो.

६

तिसरी अडचण नामवंताची. निनांवी कृति फार दिवस निनांवी राहत नाहीं; ती जवळच्या मोठ्या नांवाकडे ओढली जाते. आमच्या वाङ्मयांत नामदेवांचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा ह्याची रचना ‘नामा’ ह्या मुद्रिकेमुळें तेराव्या-चौदाव्या शतकांतील नामदेवांच्या खातीं जमा होत गेली, व ती निराळी काढण्यास विद्वानांस मोठा खटाटोप करावा लागला. मुद्रिका हा पुरावा खरा, पण तो एकटा पुरेसा नाहीं.

स्पेन देशांत कागदाचें एक पाखरूं घरोघर केलें जातें. मिगेल दे उनामुनो ह्या थोर साहित्यिकास (१८६४–१९३६) ह्या खेळाचा छंद होता. त्यानें स्वतः नव्या आकृती योजिल्या आणि १९०२ सालच्या आपल्या एका कादंबरीस जोडून ह्या विद्येवर विनोदी निबंधही लिहिला. पाखरूं त्याच्या आधींचें. पण त्याचें नांव एवढें मोठें कीं, पाखराचा उल्लेख आला कीं उनामुनो आठवावा, असें झालें.

जर्मनींतील फ्रेबेल ह्या शिक्षणशास्त्रज्ञाची गोष्ट आणखी वेगळी आहे. १८३७ सालीं त्यानें बालकांची शाळा काढिली व १८४० मध्यें तीस ‘किंडरगार्टन’ हें नांव दिलें. तेथील हस्तव्यवसायांत कागदाच्या घड्यांना स्थान होतें. ही पद्धति जगभर पसरली आणि मेइजी काळांत जपानांतही गेली. म्हणजे जपानच्या शाळेंत शिकविलेली एखादी आकृति मुळची जपानी, कीं युरोपांतून आलेली, हें नुसत्या पाहण्यानें सांगतां येत नाहीं. वस्तु जेथें सांपडली तेथलीच मानणें हा पुराणवस्तु-शोधकाचा नेहमींचा मोह; येथें तो विशेष घातक ठरतो.

फ्रेबेलची हीच लाट हिंदुस्थानासही लागली व तिनें येथें एक अपूर्व फळ दिलें. टी. सुंदर राव ह्यांनीं १८९३ सालीं मद्रास येथें कागदाच्या घड्यांनीं भूमिति शिकविणारें पुस्तक इंग्रजींत प्रसिद्ध केलें. आपणांस ही कल्पना बालोद्यानांतील घड्यांच्या साहित्यावरून सुचली, असें त्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन ह्यांनीं ह्या पुस्तकाचा उल्लेख केल्यावर त्याची कीर्ति परदेशीं झाली, व १९०१ मध्यें शिकागो येथें त्याची आवृत्ति निघाली. उसनें कोठून घेतलें तें सांगणारा ग्रंथकार आपलें स्वतःचें काय तेंही न बोलतां सिद्ध करितो. सुंदर रावांच्या पुस्तकांत फ्रेबेलचें किती व त्यांचें किती हें ठरविण्यास म्हणूनच श्रम पडत नाहींत.

७

आतां लिपीचा विचार. कृति लिहिण्यास लिपि नसेल तर ती करणाराच्या हाताबरोबर जाते. लिपि असेल तर ती हातावेगळी होऊन दूर जाते व तिच्यावर नांव लिहितां येतें. घड्यांच्या विद्येस सर्वमान्य लिपि मिळाली ती विसाव्या शतकांत. तिचे जनक आकिरा योशिझावा (१९११–२००५). हे प्रथम लोखंडाच्या कारखान्यांत काम करीत. उमेदवारांस भूमिति समजावून देण्यास कागदाच्या घड्यांचा उपयोग करीत. पुढें तें काम सोडून त्यांनीं सर्व आयुष्य ह्या विद्येस वाहिलें. मध्यंतरींची वर्षें त्यांनीं दारोदार खाद्यपदार्थ विकून दारिद्र्यांत काढिलीं. १९५२ च्या आरंभीं एका सचित्र नियतकालिकांत त्यांचे राशिचक्राचे बारा प्राणी प्रसिद्ध झाले, व त्यांचें नांव झालें. १९५४ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं तुटक रेघा व बाण ह्यांच्या योगें घडी आंत कीं बाहेर, कोठून कोठें, हें दाखविण्याची पद्धति मांडिली. दुसऱ्याच वर्षीं गेर्शन लेगमन ह्या अमेरिकन अभ्यासकाच्या खटपटीनें ॲमस्टरडॅम येथें त्यांच्या कृतींचें प्रदर्शन झालें. १९५६ सालीं रॉबर्ट हार्बिन ह्यांनीं व १९६१ सालीं सॅम्युएल रँडलेट ह्यांनीं आपल्या ग्रंथांतून ही पद्धति प्रसृत केली, आणि ती योशिझावा-रँडलेट पद्धति ह्या जोडनांवानें रूढ झाली. लिपि योजणारा एक व पसरविणारा दुसरा. नांवांत दोघेही आले, हें न्यायाचें झालें.

ह्या लिपीच्या प्रसारानंतर कोणती आकृति कोणाची हें नोंदविण्याची चाल पडली. तथापि योशिझावांच्या स्वतःच्या हिशेबानें त्यांनीं ५०,००० हून अधिक आकृती योजिल्या. लेखांत उतरल्या त्या फक्त कांहीं शेंकडे. बाकीच्या त्यांच्या बोटांबरोबर गेल्या. एवढ्या मोठ्या कर्त्याची ही गति, तर लिपीपूर्व काळांतील निनांवी योजकांची काय कथा?

महानुभावांच्या लिपीची गोष्ट नेमकी उलट आहे. पंथाच्या परंपरेप्रमाणें रवळोबासांनीं चौदाव्या शतकांत सकळ लिपि योजिली. अक्षरास अक्षर बदलून ग्रंथ लिहावयाचा, जेणेंकरून किल्ली जाणणारासच तो वाचतां यावा. हिच्या योगें ग्रंथ रक्षिले गेले, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु त्याच कवचामुळें भास्करभट्ट बोरीकर, दामोदर पंडित, नरेंद्र, महदंबा हीं नांवें पंथाबाहेरच्या महाराष्ट्रास शतकानुशतकें अपरिचित राहिलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनीं ह्या लिपीचा उलगडा केला व तेथून मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्यानें लिहावा लागला. जपानी लिपीनें कर्त्यांस प्रकाशांत आणिलें. आमच्या लिपीनें त्यांस सुरक्षित अंधारांत ठेविलें. दोहोंचीही उपयुक्तता मान्य करून आम्ही एवढेंच म्हणूं कीं, रक्षण व प्रकाशन हीं एकाच कार्याचीं दोन अंगें होत. एकानें दुसऱ्याचें काम भागत नाहीं.

८

सारखेपणा दिसला कीं चोरीचा संशय घेणें हाही शोधकाचा एक दोष आहे. चौकोनी कागदाचे धर्म सर्वत्र सारखेच. कर्ण दुमडावा, कोपरे मध्यावर आणावे, ह्या क्रिया दोन दूरच्या देशांत दोन माणसांस स्वतंत्रपणें सुचणें स्वाभाविक आहे. ह्याचा लेखी पुरावा गणितांत मिळतो. घडीच्या मूलभूत क्रिया किती, ह्याचा विचार करून इटलींत राहणारे जपानी शास्त्रज्ञ हुमिआकि हुजिता ह्यांनीं सहा क्रिया मांडिल्या व त्या त्यांच्या नांवानें प्रसिद्ध झाल्या. पुढें २००१ सालीं कोशिरो हातोरि ह्यांनीं सातवी सांगितली. नंतर असें दिसून आलें कीं, झाक ज्युस्तँ ह्या फ्रेंच गणितज्ञानें १९८६ सालींच सातही क्रिया नोंदविल्या होत्या. त्याहीपूर्वीं, १९३६ सालीं, मार्गेरिता बेलोक ह्या इटालियन विदुषीनें ह्यांपैकीं सर्वांत कठीण क्रियेनें घनसमीकरणें सुटतात हें दाखविलें होतें. ह्यांत लबाडी कोणाचीच नाहीं. प्रत्येकानें आपल्या बुद्धीनें शोध केला. म्हणून आतां अभ्यासक हुजिता व ज्युस्तँ अशीं दोन्ही नांवें जोडून घेतात.

पोथ्यांत हाच न्याय लावावा. दोन ओव्यांत एक चरण सारखा आढळला तर लगेच एकानें दुसऱ्याचा घेतला असें म्हणूं नये. ओवीची चाल, रूढ उपमा, पुराणांतील एकच प्रसंग, ह्यांनीं दोन कवींस एकाच वळणावर आणणें शक्य आहे. सारखेपणा जितका सहज सुचण्याजोगा तितका त्याचा पुरावा दुर्बळ. जितका चमत्कारिक व अनावश्यक तितका प्रबळ. दोन प्रतींत एकच चूक एकाच जागीं आढळली, तर ती शंभर शुद्ध ओव्यांच्या साम्याहून अधिक बोलते. आकृतींतही असेंच, अंतिम रूपाला ज्या घडीचें कांहीं प्रयोजन नाहीं अशी एखादी घडी दोहोंकडे त्याच जागीं असेल, तर नातें असल्याचें समजावें.

९

इतक्या खटाटोपानें नांव शोधून काय मिळवावयाचें, असा प्रश्न कोणी करील. आकृति सुंदर आहे, ओवी रसाळ आहे. कर्ता कोणी कां असेना! ह्यास उत्तर आमच्याच वाङ्मयांत एका कवीनें सातशें वर्षांपूर्वीं देऊन ठेविलें आहे.

देवगिरीच्या रामदेवरावाच्या दरबारीं नरेंद्र नांवाचा कवि होता. त्यानें शके १२१४ च्या सुमारास ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचिलें. तें ऐकून राजा मोहित झाला आणि त्यानें मागणी केली कीं, ह्या काव्यावर आपलें नांव घालावें. मोबदला म्हणून ओवीमागें सोन्याचें नाणें देऊं. महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळ’ ग्रंथांत ही आख्यायिका आली आहे. नरेंद्रानें नकार दिला. असें केल्यानें कविकुळास बोल लागेल, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. ग्रंथ राजाकडे राहिला; कवीनें व त्याच्या भावांनीं जेवढें साधलें तेवढें उतरून वांचविलें; आणि नरेंद्र पुढें नागदेवाचार्यांच्या आश्रयास जाऊन महानुभाव झाला. आज त्याच्या हातची म्हणून जी रचना उपलब्ध आहे ती सुमारें नऊशें ओव्यांची. काव्याचा पुढील भाग गेला, सोनें गेलें, राजाश्रय गेला; नांव राहिलें. राजाचें म्हणणें मान्य केलें असतें तर कदाचित् संपूर्ण काव्य राजग्रंथ म्हणून दिमाखानें टिकलें असतें, आणि नरेंद्र नांवाचा कवि झालाच नसता. आख्यायिकेंत अतिशयोक्तीचा अंश असेल असें मानिलें तरी, कर्तृत्व ही विकण्याची वस्तु नव्हे, ही जाणीव त्या काळच्या मराठी माणसांत किती तीव्र होती, हें तीवरून निःसंशय कळतें.

हाच तंटा आमच्या काळीं अमेरिकेंतील न्यायालयांत उभा राहिला. घडी उलगडल्यावर कागदावर रेघांचें जें जाळें दिसतें, तो त्या आकृतीचा जणूं नकाशाच असतो. एका चित्रकर्त्रीनें असे नकाशे मोठ्या प्रमाणावर रंगवून चित्रें केलीं. पण ते ज्यांचे त्यांचीं नांवें दिलीं नाहींत. रॉबर्ट लँग ह्या प्रसिद्ध योजकासह सहा जणांनीं २०११ सालीं दावा लाविला व तो २०१३ मध्यें आपसांत मिटला. देवगिरीच्या राजानें निदान मोल देऊं केलें होतें व संमति मागितली होती, हा भेद मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

‘पारंपरिक’ हा शब्द ह्या संबंधांत फार जपून वापरला पाहिजे. पळसाचा द्रोण पारंपरिक आहे, कागदाची नौका पारंपरिक आहे. त्यांस तो शब्द शोभतो. परंतु गिदोचे सारसही कित्येक दिवस एक प्रकारें तसेच चालले. कर्ता ठाऊक नाहीं आणि कर्ता नाहीं, ह्या दोन विधानांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. ‘पारंपरिक’ हा शब्द तें अंतर बुजवितो. पुष्कळदां तो शब्द परंपरेचा गौरव नसून शोधकाच्या आळसाचें पांघरूण असतो.

१०

येथवरच्या विवेचनाचें सार असें : कर्ता, संकलक, लेखक व प्रसारक हीं चार नांवें वेगळीं धरावीं. सर्वांत जुना दिनांकित पुरावा ही फक्त अलीकडची मर्यादा समजावी. मुद्रिका व ख्याति ह्यांवर एकट्यावर विसंबूं नये. वस्तु सांपडली तें ठिकाण तिचें जन्मस्थान मानूं नये. सहज सुचण्याजोग्या साम्यास नातें समजूं नये. निष्प्रयोजन साम्य मात्र टिपून ठेवावें. आणि परंपरेनें जपलेल्या आठवणीस, ती लेखी नाहीं एवढ्यावरून, फेटाळूं नये. लीळाचरित्र आठवणीवरूनच पुन्हां उभें राहिलें आहे.

शेवटीं यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी ह्या बाजूंस व पैनगंगेपलीकडे माहुराकडे ज्यांच्या घरीं जुनीं दफ्तरें व पोथ्या आहेत त्यांस आमची विनंती आहे. पोथी बांधून घेतांना वा देतां-घेतांना तिचें शेवटचें पान व वेष्टन वेगळें होऊं देऊं नये. कर्त्याचें नांव बहुधा तेथेंच असतें. जुनें पत्र सपाट करण्यापूर्वीं त्याची घडी कशी होती, मोहर कोठें होती, हें टिपून ठेवावें. तीही एक लिपि आहे. पोथींत ठेविलेला दुमडलेला कागद केर म्हणून टाकूं नये. आणि घरांतील वृद्धांकडून एखादी ओवी, एखादें आख्यान, किंवा नातवासाठीं केलेलें कागदाचें पाखरूं शिकावयास मिळालें, तर तें कोणाकडून शिकलां तें एका ओळींत तारखेसह लिहून ठेवावें. म्हाइंभटांनीं केलें तें ह्याहून अधिक कांहीं नव्हे. ती एक ओळ आज क्षुल्लक दिसेल. पण पुढच्या शोधकास, नांव सांपडलें कीं नाहीं, ह्याचा निर्णय बहुधा तिच्यावरच करावा लागेल.